करमरकर काकांचे साहेब

करमरकर काकांकडे मी पहिल्यांदा जेवायला गेले, तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यात एका गोऱ्या गृहस्थाची मोठी तसबीर लावलेली होती. टक्कल, गोल चेहरा, आणि समोरचा माणूस आता काहीतरी चुकीचं बोलणार अशी खात्री असल्याचा भाव. गणपती स्वयंपाकघरात होता, मायक्रोवेव्हच्या वर. मी नलिनी काकूंना हळूच विचारलं, "हे कोण?" काकू आमटीला फोडणी देत होत्या. "सवत आहे माझी," त्या म्हणाल्या. "बस जेवायला, कळेलच."

जेवताना कळलं, आणि आमटी थंडगार होईपर्यंत कळत राहिलं. ते अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष. पहिल्यांचं नाव राजधानीला मिळालं, तिसऱ्यांचा चेहरा रोजच्या नाण्यावर गेला, आणि मधले हे, ज्यांनी काकांच्या मते खरा देश उभा केला, ते एक टर्म करून निवडणूक हरले आणि मुकाट्याने आपल्या शेतावर गेले. काका त्यांचं नाव कधीच घेत नसत. "आमचे साहेब" म्हणत. नवा माणूस अर्धा तास समजत राही की काका आपल्या मॅनेजरबद्दल बोलताहेत, आणि मॅनेजर घोडागाडीतून का फिरतो हे विचारायचा त्याला धीर होत नसे.

मी आता अमेरिकेच्या पश्चिमेकडे चँडलरला असते, पण त्याआधी पूर्वेकडच्या कॅरी गावात नऊ वर्षं काका-काकूंच्या शेजारच्या घरात काढली. दिवसा औषधांच्या कंपनीत नोकरी आणि शनिवार-रविवार मराठी मंडळाची चिटणीस. चिटणीस म्हणजे जिला नाही म्हणता येत नाही अशी बाई.

काका मूळचे सांगलीचे. उंची बेताची, घेर भरपूर. उन्हाळ्यात गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, तिचा पट्टा पोटाच्या वर की खाली बांधावा याचा निर्णय कधीच न झालेला, आणि सँडलमध्ये पांढरे मोजे. हात मागे बांधून चालत. त्यांचं पेटंट वाक्य होतं, "माझं म्हणणं नोंदवून घ्या." हे ते मंडळाच्या मीटिंगमध्ये म्हणत, डॉक्टरकडे म्हणत, आणि एकदा भारतीय दुकानात भेंडी जून निघाली म्हणून गल्ल्यावरच्या गुजराती मुलीलाही म्हणाले होते. तिने खरंच नोंदवून घेतलं. काका तिचं उदाहरण पुढे कितीतरी दिवस देत असत.

साहेबांची आणि काकांची गाठ घालून दिली ती खापरे काकांनी. हे दोघं एकाच कंपनीत कामाला आले तेव्हाची गोष्ट. खापरे नागपूरचे, ताडमाड, मोठ्या आवाजाचे, आणि करमरकरांच्या आधी सहा महिने इथे आलेले, म्हणजे अमेरिकेतले जाणकार. विमानतळावर घ्यायला तेच आले, गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं, आणि एकदा दोघं बॉस्टनकडे फिरायला गेले असताना पार्किंग फुकट दिसलं म्हणून त्यांनी नेमकी साहेबांच्या जुन्या घराजवळ गाडी लावली. "मी म्हटलं, पाच मिनिटं पाय मोकळे करू," खापरे सांगत. "हा जो आत शिरला, तो अजून बाहेर नाही आला बे."

खापरे काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे रविवारचे पोहे खापरे करमरकरांकडे खात. पुढच्या दाराची बेल त्यांनी कधी वाजवली नाही. गॅरेजचा कोड त्यांना पाठ होता. दार वर जायचा आवाज आला की पाठोपाठ "वहिनी, चहा!" अशी आरोळी येई, आणि सांगलीच्या नलिनी काकू, ज्यांच्या माहेरी पोह्यांवर रस्सा ओतणं हा गुन्हा ठरला असता, त्या खापऱ्यांसाठी नागपुरी तर्री गरम करायला ठेवत.

काका काय चीज आहेत हे मला डेलच्या प्रकरणात कळलं. गणपतीच्या आधी आमची पोरं एका शाळेच्या पार्किंगमध्ये ढोल-ताशाची प्रॅक्टिस करायची. मागेच डेल नावाच्या म्हाताऱ्याचं घर होतं. त्याची बायको आजारी होती. त्याने तक्रार केली. मंडळाची तातडीची मीटिंग भरली, आणि सगळे एकदम तापले. आपण टॅक्स भरतो, त्यांचे फटाके चालतात, आपले ढोल नाही का, वगैरे. तेवढ्यात काका उठले. "माझं म्हणणं नोंदवून घ्या. डेल बरोबर आहे." आणि मग सांगू लागले, की साहेब वकील होते तेव्हा त्यांच्याच शहरातल्या लोकांवर गोळ्या झाडणाऱ्या इंग्रज सैनिकांचं वकीलपत्र त्यांनी घेतलं होतं. साऱ्या गावाचा रोष पत्करून घेतलं, आणि बहुतेकांना सोडवलंसुद्धा.

"काका, पण डेलने आपल्याला वकील म्हणून कुठे हायर केलंय यार?" मागून कोणीतरी म्हणालं.

मतदान झालं. काकांच्या बाजूने एकच हात वर आला, खापऱ्यांचा. मीटिंगनंतर काकांनी त्यांना विचारलं, "तुला पटलं ना माझं?" खापरे म्हणाले, "अजिबात नाही. चूकच आहे तू. पण एकटा काऊन चुकतं बे? म्हणून केला हात वर." शेवटी प्रॅक्टिस दुसरीकडे हलवावी लागली ती वेगळ्याच कारणाने, पण काका ते श्रेय साहेबांना देत.

मंडळाचे पहिले अध्यक्ष एक डॉक्टर होते. अकरा वर्षं ते बिनविरोध निवडून येत, कारण विरोध करणाऱ्याला पुढच्या वर्षी हॉल बुक करावा लागला असता. ते फ्लोरिडाला निघून गेले तेव्हा करमरकर काकांनी पुढे येऊन आधी मंडळाची घटना लिहिली. बेचाळीस कलमं. मी ती टाईप केली आहे, त्यामुळे अजून विसरलेले नाही. त्यात असं एक कलम होतं, की ज्याला सर्वांत जास्त मतं तो अध्यक्ष आणि दुसऱ्या क्रमांकाचा तो उपाध्यक्ष. साहेबांच्या काळात अमेरिकेत अशीच पद्धत होती. मी म्हटलं, "काका, पण अमेरिकेने ती पुढे लगेच बंद केली ना? एकमेकांविरुद्ध लढलेली माणसं एका खोलीत बसवून भांडणंच होणार." काका म्हणाले, "ती माणसं वेगळी. इथे आपलीच माणसं आहेत."

निवडणूक लढवायची म्हणजे दुसरा उमेदवार हवा. तो मिळेना. मग काकांनी खापऱ्यांच्या मागे लागून लागून त्यांना उभं केलं. खापरे हात जोडत होते, "मले नको बे यात पाडू." पण बिनविरोध निवडून येणं काकांच्या लोकशाहीत बसत नव्हतं. करमरकर अध्यक्ष झाले, खापरे उपाध्यक्ष. अमेरिकेच्या इतिहासाची आमच्या पार्किंग लॉटमध्ये अशी तालीम सुरू झाली.

अध्यक्ष झाल्यावर काकांनी पहिलं फर्मान काढलं, की मंडळाच्या पत्रव्यवहारात अध्यक्षांच्या नावामागे 'माननीय' लावावं. साहेबांनीही म्हणे सुरुवातीला राष्ट्राध्यक्षांना भारदस्त पदव्या असाव्यात म्हणून संसदेत आठवडेच्या आठवडे घालवले होते, आणि लोकांनी त्यांच्या पोटाकडे बघून त्यांनाच एक खवचट पदवी बहाल केली होती. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर दुसऱ्याच दिवशी 'महामहीम मोदक' असा मेसेज आला. पाठवणारे खापरे. काका फोन घेऊन माझ्याकडे धावत आले. "मेघा, बघ, अगदी साहेबांसारखंच!" त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. दहा मिनिटांनी ते परत आले आणि म्हणाले, "पण खापऱ्याने म्हणायला नको होतं."

दिवाळीला खापऱ्यांनी डीजे ठरवला. काकांनी 'दुसरे राष्ट्राध्यक्ष: चरित्र आणि कार्य' असं सचित्र व्याख्यान ठरवलं. घटनेत दोघांनाही अधिकार होते, त्यामुळे दोन्ही झाली. व्याख्यान चालू असताना मागे डीजे स्पीकर तपासत होता. साहेब फ्रान्सबरोबरची लढाई टाळत असताना मागून एकदम झिंगाट बेस आला आणि पोरं नाचत सुटली. त्यावरून ग्रुपवर चेष्टा सुरू झाली, तेव्हा काकांनी सेटिंग बदललं. आता ग्रुपवर फक्त अध्यक्षच लिहू शकत होते. साहेबांनी सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकायचा कायदा केला होता, आणि त्यानेच त्यांचा घात झाला. मी काकांना हे सांगितलं. "माहीत आहे मला," ते म्हणाले. "पण त्यांची बाजू कोणी समजून घेतली का?"

साहेबांची बाजू ते कुठल्याही थराला जाऊन घेत. परदेशी लोकांना नागरिक व्हायला चौदा वर्षं लागतील असा एक कायदा साहेबांनी सही करून काढला होता. माझा स्वतःचा अर्ज तेव्हा धूळ खात पडला होता, त्यामुळे मी जरा चिडूनच बोलले. काकांनी शांतपणे चष्मा पुसला. "मला अठरा लागली गं. साहेब चौदाच म्हणत होते. उदार होते."

पुढच्या निवडणुकीत खापरे नऊ मतांनी निवडून आले. त्यातलं एक मत माझं होतं, हे मी आज कबूल करते. एक नलिनी काकूंचं होतं, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. मंडळाचं मखर, सतरंज्या, माईक, स्पीकर, मोठी पातेली, सगळं करमरकरांच्या गॅरेजमध्ये होतं. "साहेबांच्या बायकोने राष्ट्राध्यक्षांच्या नव्या घरात, मोठ्या दालनात कपडे वाळत घातले म्हणे," काकू म्हणाल्या. "तिला दालन तरी होतं. माझी गाडी दोन वर्षं पावसात उभी आहे."

आता काकांच्याच घटनेप्रमाणे काका खापऱ्यांचे उपाध्यक्ष होणार होते. संक्रांतीच्या कार्यक्रमात सूत्रं द्यायची होती. काकूंनी तीनशे तिळाचे लाडू वळले होते. आणि त्या दिवशी पहाटे चार वाजता काका उठले, काकूंना, लाडवांना आणि पिशव्यांना गाडीत घातलं आणि शार्लटला मुलीकडे निघून गेले. साहेब असेच गेले होते. नवे अध्यक्ष शपथ घेण्याआधी, पहाटेच्या घोडागाडीने. गोड बोलायच्या एकुलत्या एका सणाला आमचे मावळते अध्यक्ष तीनशे लाडू घेऊन फरार झाले.

दुपारी हॉलमध्ये माणसं जमली आणि माईकच नाही. मी आणि खापरे काका करमरकरांच्या ड्राईव्हवेवर जाऊन उभे राहिलो. गॅरेजचं दार बंद. कोडचं छोटं बटणांचं पॅड भिंतीवर. मी म्हटलं, "काका, कोड तुम्हाला माहीत आहे ना? टाका की."

खापरे त्या पॅडकडे बघत उभे राहिले. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मेघा, वीस वर्षं मी या घरात न विचारता शिरलो. तो आत होता म्हणून. आज तो मले टाळून गेला. आता कोड टाकला, तर चोरी होईल ती." मग मागे वळून म्हणाले, "मी इथं आलो होतो हे त्याले सांगू नको. शपथ आहे तुले."

कार्यक्रम खापऱ्यांनी माईकशिवाय, ओरडून ओरडून पार पाडला. दोन दिवसांनी काका परतले. माझ्याकडे आले ते याच मुद्द्यावर. "कोड त्याला पाठ आहे. मी म्हटलं, उघडेल, नेईल सामान. मुद्दाम उघडलं नाही त्याने. माझ्या घरचा माईकसुद्धा नको झाला त्याला!" मी शपथेत अडकलेली. तिथे मी तोंड उघडायला हवं होतं, हे मला आता रोज वाटतं.

बोलणं बंद झालं. दोन घरांत चार गल्ल्यांचं अंतर. रविवारी काकू पोह्यांचा डबा माझ्या हाती देत, आणि मी गाडीतून तो खापऱ्यांकडे पोचवत असे. काका पेपर वाचत बसलेले असत. मान वर न करता एकदा म्हणाले, "तर्री वेगळ्या डब्यात दे. मिसळली की त्याला आवडत नाही."

मी दोघांमध्ये समेट करायला बघितलं. काकांनी मलाच समजावलं. साहेब आणि तिसरे अध्यक्ष, एके काळचे जिवलग मित्र, निवडणुकीनंतर बारा वर्षं बोलत नव्हते. मग एका मित्राच्या खटपटीने पत्रं सुरू झाली ती मरेपर्यंत. "बारा वर्षं, मेघा. आपलं आत्ता कुठे पहिलं चालू आहे."

"काका, तुम्ही दोघं साठीच्या पुढे आहात."

"ते दोघंही फार जगले."

काकांनी पत्र लिहायला घेतलंही होतं. हाताने, फाउंटन पेनाने. मुद्दे क्रमांक टाकून. पहिलं वाक्य होतं, 'हे पत्र माफीचे नाही.' दर महिन्याला ते दुरुस्त करत, पुन्हा सुबक अक्षरात उतरवत, आणि ड्रॉवरमध्ये ठेवत. चार गल्ल्यांवरच्या माणसाला पाठवायचं पत्र, त्याला घाई ती काय. वर्षाच्या आत खापरे निवृत्त झाले आणि मुलाकडे, निखिलकडे, डॅलसजवळच्या फ्रिस्कोला राहायला गेले. सामानाचा ट्रक आमच्या गल्लीवरून गेला. काका अंगणात होते. झाडाला पाणी घालत. ते झाड प्लॅस्टिकच्या कुंडीतलं होतं आणि पाणी कुंडीतून वाहून पार रस्त्यावर येईपर्यंत ते घालत राहिले.

तीन वर्षांनी निखिलचा फोन आला. खापऱ्यांना स्ट्रोक झाला होता. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. काकांनी काय केलं असेल? आधी स्वतःचा ईसीजी काढून घेतला. साहेब आणि त्यांचे मित्र दोघंही एकाच दिवशी वारले होते, तेही देशाच्या स्वातंत्र्यदिनी. ही गोष्ट काका दर चार जुलैला पिकनिकमध्ये सांगत आणि मुलं "ओ गॉड, नॉट अगेन!" म्हणत पळून जात. ईसीजी नॉर्मल आला. काका क्लिनिकच्या बाहेर बाकावर बसून रडले. काकू म्हणाल्या, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना प्रवास जमणार नव्हता. मला डॅलसला काम निघालं होतंच. "तू जा यांच्याबरोबर," काकू म्हणाल्या. "हे तिथे जाऊन भांडतील."

खापरे खिडकीजवळ आरामखुर्चीत होते. एवढा उंच माणूस, खुर्चीत घडी घालून ठेवल्यासारखा. आम्हाला बघून त्यांचा डावा हात उचलला गेला, ओठ हलले, नुसती हवा आली. निखिल म्हणाला, "ही गेट्स एव्हरीथिंग, काका. सगळं समजतं. जस्ट शब्द येत नाहीत."

काका त्यांना मिठी वगैरे मारतील असं मला वाटलं होतं. ते समोरच्या खुर्चीत बसले, प्लॅस्टिकच्या फाईलमधून अठरा पानं काढली, चष्मा लावला आणि म्हणाले, "मुद्दा क्रमांक एक."

मुद्दा 'माननीय' या पदवीचा होता. काकांनी तो वाचला आणि सवयीने थांबले. इतकी वर्षं प्रत्येक मुद्द्यानंतर खापरे तुटून पडत आले होते. आता खोलीत फ्रीजचा आवाज तेवढा होता. खापऱ्यांचा जबडा हलत होता, डोळ्यांत पाणी जमत होतं. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. आणि एकदम आवाज चढवून, कुठल्याही नागपूरकराने मार दिला असता अशा नागपुरीत, म्हणाले, "काऊन बे करमरकर? माननीय म्हणायले तू काय गव्हर्नर लागून गेला का?"

खापऱ्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली.

मग काका सुटलेच. एकदा आपल्या आवाजात, एकदा खापऱ्यांच्या. पहिला मुद्दा खापरे जिंकले. ग्रुप बंद केल्याचा जिंकले. डीजेवर काकांनी दोन्हीकडून खूप ताणलं, पण तोही खापऱ्यांनाच गेला. निखिल चहाचा ट्रे धरून दारात उभा राहिला होता, चहावर साय धरली तरी.

"मुद्दा क्रमांक अकरा," काका म्हणाले. "संक्रांतीच्या दिवशी कोड ठाऊक असूनही तू गॅरेज का उघडलं नाहीस?"

त्यावर पुढे अडीच पानं होती. मला ती दिसत होती, सगळ्यात सुबक अक्षरातली. काकांनी ती वाचली नाहीत. खापऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बोलणार, इतक्यात काकांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. उत्तर त्यांना खापऱ्यांच्याच तोंडून हवं होतं आणि खापऱ्यांना ते आता देता येत नव्हतं, हे काकांना बहुतेक तिथे, त्या खुर्चीत बसल्यावर कळलं असावं. मग अगदी हळू, खापऱ्यांच्या आवाजात ते म्हणाले, "अबे, मी कोडच विसरलो होतो."

खापरे काही कोड विसरले नव्हते. मला माहीत होतं, खापऱ्यांना माहीत होतं, आणि काकांनाही माहीत असणार. खापऱ्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, होय, तसंच, म्हणून.

"असं होय," काका स्वतःच्या आवाजात म्हणाले. "मग सांगायचं नाहीस का गाढवा? मी उगाच चार वर्षं..."

माझी विमानाची वेळ झाली होती. त्याच महिन्यात मी चँडलरला आले, त्यामुळे करमरकर काकांना मी पाहिलं ते त्या दुपारी शेवटचं. मी दाराशी बूट घालत होते. काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला, आणि ती अडीच पानं न वाचता एकदम उलटली. "मुद्दा क्रमांक बारा," ते म्हणाले, आणि खुर्ची खापऱ्यांच्या आणखी जवळ ओढून घेतली.